सांधा

मराठीत ‘नेपथ्य’ म्हटले की रंगमंचावर उभ्या केलेल्या भिंती, दारे, खिडक्या, पायऱ्या आणि त्यांच्यामध्ये मांडलेले सामान असा अर्थ आज सहज मनात येतो. पडदा वर गेल्यावर प्रेक्षकाला सर्वांत आधी जे दिसते ते नेपथ्य. मूळ संस्कृत शब्दाचा रोख मात्र जवळजवळ उलट दिशेला होता. नटांनी वेष करण्याची जागा, ती ज्याच्या आड असे तो पडदा आणि त्या जागेत अंगावर चढवला जाणारा वेष, या सर्वांना मिळून तो शब्द होता, आणि संस्कृत नाटकांत ‘नेपथ्ये’ अशी रंगसूचना येते तेव्हा पात्र दिसत नाही, आतून केवळ त्याचा आवाज ऐकू येतो. न दिसणाऱ्या जागेचे नाव दिसणाऱ्या वस्तूला मिळावे ही अदलाबदल वरवर पाहता गमतीची वाटते, तरी ती अगदीच अनाठायी नाही. कारण रंगमंचावरच्या भिंतीची एक बाजू कुणाच्या तरी दिवाणखान्याची असते आणि दुसऱ्या बाजूला कच्च्या लाकडाची चौकट, खडूने घातलेले क्रमांक, लोंबणारी वायर आणि आपल्या वाक्याची वाट पाहत श्वास आवरून उभा असलेला नट असतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील आहार्य, म्हणजे नटाच्या देहाला बाहेरून आणून जोडलेल्या साधनांचा अभिनय, हा नेपथ्याचा प्रांत मानला असून त्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव असे चार भाग केले आहेत. दागिने, माळा व वस्त्रे हा अलंकार, रंगभूषा ही अंगरचना, रंगमंचावर येणारे प्राणी हा संजीव, आणि पर्वत, रथ, विमान, ढाल, ध्वज यांसारख्या वस्तूंच्या तयार केलेल्या प्रतिकृती म्हणजे पुस्त. या पुस्ताचेही तीन प्रकार आहेत. चटई, कातडे, कापड असे पदार्थ एकमेकांना जोडून केलेला तो संधिम, यंत्राच्या युक्तीने हालचाल करणारा तो व्याजिम, आणि आकारावर कापड गुंडाळून मढवलेला तो वेष्टिम. याच संदर्भात भरताने एक अगदी कारागिरी सल्ला दिला आहे, तो असा की रंगमंचावरची आयुधे आणि उपकरणे खरोखरच्या जड धातूंची करू नयेत, कारण त्यांच्या ओझ्याने नट शिणतो. हलक्या पदार्थांतून त्यांचे केवळ रूप उभे करावे. ज्याने नाटकाचे सामान कधी उचलले आहे त्याला हे वाचताना ग्रंथकार ओळखीचा वाटू लागतो.

पुस्ताच्या या तिन्ही प्रकारांपैकी संधिम हा शब्द अधिक थांबून पाहण्याजोगा आहे. नाट्यशास्त्र कथानकाच्या बांधणीलाही ‘संधी’ हाच शब्द योजते. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण या पाच संधींनी नाटकाची गोष्ट एकत्र धरली जाते. नाटककार ज्या शब्दाने आपले अंक जोडतो त्याच शब्दाने पडद्यामागचा कारागीर आपला पर्वत जोडतो, आणि मराठी सुताराच्या तोंडी तोच शब्द ‘सांधा’ होऊन येतो. घराच्या सांध्याने पिढ्यान्‌पिढ्या टिकावे अशी अपेक्षा असते. नाटकाच्या सांध्याकडून मात्र दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी मागितल्या जातात, की प्रयोगाचे अडीच तास त्याने तसूभरही हलू नये आणि प्रयोग संपल्यावर अर्ध्या तासात मुकाट सुटून यावे. नेपथ्याच्या कलेतील बहुतेक अडचणी आणि बहुतेक सौंदर्यही या दुहेरी मागणीतून निघालेले आहे, हे चांगल्या सेटला मागून पाहिल्यावर जितके कळते तितके समोरून कळत नाही.

मराठी रंगभूमीचा आरंभ या ओझ्याविना झाला. सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले तेव्हा गोष्ट पुढे नेण्याचे काम सूत्रधाराची पदे करीत होती, आणि जे पदातून सांगता येते ते सुताराकडून करवून घेण्याचे कारण नव्हते. पुढे मुंबईतील पारशी मंडळ्यांनी युरोपीय धर्तीचा, चौकटीतून पाहायचा रंगमंच रुळवला आणि संगीत नाटकाच्या काळात रंगवलेले पडदे हेच नेपथ्य झाले. महाल, बाग, अरण्य आणि रस्ता एवढे पडदे गाठीशी असले की बहुतेक नाटके उभी राहत. यांतला रस्त्याचा पडदा दिसायला सर्वांत सामान्य, पण कामाला सर्वांत मोठा होता. तो रंगमंचाच्या पुढल्या भागात सोडला जाई, त्याच्यापुढच्या अरुंद पट्टीत दोन-चार पात्रे बोलत, विनोद करीत, आणि तेवढ्या वेळात पडद्यामागे पुढच्या प्रवेशाचा दरबार मांडून होई. मोठ्या प्रवेशांच्या मधूनमधून जे हलकेफुलके, बोलघेवडे प्रवेश त्या काळच्या नाटकांत आढळतात, त्यांची चिकित्सा समीक्षक रसदृष्टीने करतात. त्यांतील काही केवळ मागे सिंहासन मांडण्यास वेळ हवा म्हणून लिहिले गेले असणार, ही शक्यताही विसरू नये. अशा वेळी नाटककाराचा सांधा सुताराच्या सांध्यावर झाकण घालत होता.

पडदे रंगवणे ही स्वतंत्र विद्या होती. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे पुढे चित्रपटकार म्हणून नावाजले, परंतु त्याआधी ते आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नाव मिळवले होते. सपाट कापडावर खोली दाखवण्याचा अभ्यास ज्यांनी हाताने केला त्यांना कॅमेऱ्यातून खोली पाहणे परके वाटले नसावे. गोव्यात पणजीच्या कला अकादमीत, चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या वास्तूतील नाट्यगृहाच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांनी जुन्या थाटाचे सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवले आहेत, त्यातही हीच जुनी खोड वेगळ्या रूपात दिसते. फरक इतकाच, की तिथे रंगवलेला आभास प्रेक्षागृहात शिरला आहे.

१ जुलै १९३३ रोजी मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले. नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी ते बेतले होते आणि मराठी वास्तववादी रंगभूमीचा इतिहास सांगताना त्याचा उल्लेख अटळ असतो. गुंडाळत्या पडद्यांच्या जागी या वळणाच्या नाटकांत खोलीचा पेटीवजा सेट आला, ज्याला सरसकट ‘बॉक्स सेट’ म्हणतात. म्हणजे तीन भिंतींची खोली, जिची चौथी भिंत प्रेक्षकांच्या बाजूने काढून घेतलेली आहे असे दोन्ही पक्षांनी गृहीत धरायचे. एका अंकात एकच प्रवेश ही इब्सेनच्या प्रभावाने आलेली रचनाही याच खोलीशी जुळणारी होती, कारण भिंती पडद्यासारख्या दोरी ओढून बदलता येत नाहीत. मराठीत ‘प्रवेश’ या एकाच शब्दाने नाटकाचा एक तुकडाही सांगितला जातो आणि पात्राचे आत येणेही. पडद्यांच्या काळात पात्र विंगेतून येई, म्हणजे कुठूनही येई. बॉक्स सेटमध्ये त्याला दार लागले, आणि दार आले की त्यामागे जिना आहे, स्वयंपाकघर आहे की रस्ता आहे हे ठरवणे भाग पडले.

या खोलीची बांधणी तपशिलाने पाहिली तर ती घराच्या बांधणीची नक्कल नसून बरेचदा तिचा विपर्यास असतो. आधी संहितेवरून नेपथ्यकार जमिनीचा आराखडा काढतो, त्यावरून पुठ्ठ्याची लहान प्रतिकृती करतो, आणि ती दिग्दर्शकाच्या टेबलावर ठेवून दोघे तिच्यात काड्यापेटीच्या काड्यांची माणसे फिरवून पाहतात. या टप्प्यावर पहिला विचार होतो तो दृष्टिरेषेचा, म्हणजे पहिल्या रांगेतील अगदी कडेच्या खुर्चीवरून आणि बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतून काय दिसते व काय झाकते याचा. काटकोनातील खोली कडेच्या प्रेक्षकाला अर्धीच दिसेल म्हणून बाजूच्या भिंती मागे निमुळत्या आणि पुढे फाकलेल्या ठेवतात. दारे शक्यतो बाहेरच्या बाजूला उघडतात, नाहीतर उघडलेली फळीच येणाऱ्या नटाला झाकून टाकते. दारापलीकडे विंगेतला अंधार आणि तिथे चहा घेत उभा असलेला माणूस दिसू नये म्हणून आणखी एक भिंतीचा तुकडा आडोसा म्हणून लावावा लागतो. सोफा भिंतीला टेकून ठेवला तर नट मागे अडकतात, म्हणून तो खोलीच्या मधोमध येतो. जेवणाच्या टेबलाची प्रेक्षकांकडची बाजू रिकामी राहते. अशा घरात प्रत्यक्ष कुणी राहू लागले तर त्याची फार गैरसोय होईल, आणि तरीही पाचव्या मिनिटाला प्रेक्षक त्याला घर मानू लागतो.

भिंतीचा घटक म्हणजे फ्लॅट. लाकडी पट्ट्यांची चौकट करून तिच्यावर मांजरपाट किंवा कॅनव्हास ताणून बसवायचा, त्याला सरस आणि खडूच्या भुकटीचा हात द्यायचा म्हणजे वाळताना कापड आखडून ढोलासारखे घट्ट होते, आणि मग रंग लावायचा, ही जुनी रीत. पुढे प्लायवुड आले आणि त्याचे तक्ते आठ फूट बाय चार फूट मिळत असल्यामुळे पुष्कळ नाटकांच्या भिंतींची मापे नकळत त्या तक्त्याने ठरवली. कापडी फ्लॅट हलका असतो, पण दार जोरात आपटले की सबंध भिंत शहारते आणि वाड्याचा दबदबा क्षणात उडतो. प्लायचा फ्लॅट ठाम असतो, पण त्याचे वजन उचलणाऱ्यांच्या पाठीला ठाऊक. कोणता भाग कापडाचा चालेल आणि कोणता प्लायचाच हवा हा निर्णय सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही, तो संहितेत पात्रे कुठे रागावतात हे पाहून घ्यावा लागतो. दोन फ्लॅट एकमेकांशी जोडताना बिजागरीचा अर्धा भाग एकावर आणि अर्धा दुसऱ्यावर बसवून मधून खिळा सरकवतात, म्हणजे खिळा उपसला की भिंत दुभंगते. जिथे वजन जास्त तिथे नटबोल्ट येतात, आणि नाटकधंद्यात नटाइतकीच बोल्टाचीही मिजास सांभाळावी लागते हे सेट लावणारा कुणीही सांगेल. उभ्या फ्लॅटला मागून तिरकी टेकणी देऊन तिच्या पायावर वजन ठेवतात. चौथरे, ज्यांना सारे ‘लेव्हल’ म्हणतात, ते घडीचे किंवा एकात एक बसणारे करतात. प्रेक्षकाला अखंड दिसणाऱ्या भिंतीत असे आठ-दहा सांधे असतात, आणि त्यांवर कापडाची पट्टी चिकटवून किंवा तिथेच खांब, पडदा, कॅलेंडर योजून ते लपवलेले असतात. त्यामुळे सेटवरील कॅलेंडर अमुक ठिकाणी का टांगले आहे याचे उत्तर पुष्कळदा व्यक्तिरेखेत नसून त्यामागच्या फटीत असते.

रंगाची गोष्ट आणखी वेगळी आहे. शुद्ध पांढरा प्रकाशात डोळ्यांवर येतो, म्हणून चुना लावलेली भिंतही किंचित मळकी रंगवावी लागते. एकाच रंगाचा सपाट हात दिला तर भिंत कागदासारखी दिसते, म्हणून त्यावर दोन-तीन छटांचे बारीक शिंतोडे उडवतात, जे पाचव्या रांगेतून दिसत नाहीत पण भिंतीला जुनेपण देतात. कलासमीक्षक आणि नेपथ्यकार अशा दोन्ही नात्यांनी ओळखल्या जाणाऱ्या द. ग. गोडसे यांनी आपल्या ग्रंथाला ‘पोत’ हे नाव दिले हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ज्याने कापडाला दगडाचे रूप द्यायचे असते त्याला पोताचा विचार टाळता येत नाही.

हे सर्व पुन्हा प्रवासात टिकले पाहिजे. मराठी व्यावसायिक नाटक एका नाट्यगृहात मुक्काम करीत नाही. आज दादरचे शिवाजी मंदिर, उद्या ठाण्याचे गडकरी रंगायतन, परवा पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर असा त्याचा संसार असतो, आणि प्रत्येक ठिकाणी रंगमंचाची रुंदी, खोली, विंगेतली मोकळी जागा आणि सामान चढवण्याचे दार निराळे. एकाच नाट्यगृहात एका दिवसात सकाळी, दुपारी आणि रात्री तीन वेगळ्या नाटकांचे प्रयोग असणे नेहमीचे असल्यामुळे आधीच्या नाटकाचा वाडा निघाल्याशिवाय पुढच्याची सदनिका उभी राहू शकत नाही. म्हणून सेट मुळातच असा बेततात की मोठ्या रंगमंचावर एखादा वाढीव फ्लॅट जोडावा आणि लहान रंगमंचावर तो टेम्पोतच राहू द्यावा. परीक्षणांच्या अखेरीस ‘नेपथ्य नाटकाला साजेसे’ एवढ्या तीन शब्दांत ज्याची बोळवण होते ते काम असे अनेक घरांत मावणारे एक घर करण्याचे असते. ही बोळवण केवळ आळसाची आहे. त्या तीन शब्दांत समंजस दाद शोधण्याचा मोठेपणा दाखवण्याची गरज नाही.

व्याजिमाचे, म्हणजे यंत्रयुक्त नेपथ्याचे, मराठीतील ठळक उदाहरण ‘तो मी नव्हेच’ या नाटकाचे आहे. आचार्य अत्रे यांचे हे नाटक मो. ग. रांगणेकर यांच्या दिग्दर्शनाखाली १९६२ साली दिल्लीत प्रथम झाले आणि प्रभाकर पणशीकरांच्या लखोबा लोखंडे या भूमिकेने गाजले. न्यायालयातील साक्ष आणि साक्षीत सांगितलेला प्रसंग यांमध्ये नाटकाला सतत ये-जा करायची होती, आणि प्रत्येक वेळी पडदा पाडला असता तर खटल्याची धार बोथट झाली असती, म्हणून त्यात फिरता रंगमंच योजला गेला. फिरता रंगमंच म्हणजे फळ्यांचे मोठे गोल चाक, ज्याच्या एका भागावर प्रसंग चालू असताना मागच्या भागावर दुसरा मांडून होतो. जपानच्या काबुकी रंगभूमीवर नामिकी शोझो यांनी ही युक्ती अठराव्या शतकातच पूर्णत्वाला नेली होती. अत्र्यांच्या नाटकात तिचे प्रयोजन डोळे दिपवण्यापुरते नव्हते. एकच माणूस निरनिराळ्या नावांनी निरनिराळ्या घरांत शिरतो अशी ज्याची गोष्ट, त्याच्यासाठी घरे फिरत येणे हाच नेमका सांधा होता, आणि चाक फिरेपर्यंतच्या अवधीत नटाने वेष बदलून नवा माणूस होणे हा त्या सांध्याचा दुसरा अर्धा भाग.

अलीकडे काही नाटकांत मागे मोठा एलईडी पडदा लावून त्यावर समुद्र, शहर किंवा किल्ला दाखवतात. तो उजळ असतो, झटपट बदलतो आणि वाहतुकीला सोपा पडतो, हे मान्य केले तरी त्याच्याविषयीचा असमाधानाचा भाग उरतोच. त्या चित्राला सांधा नसतो, त्यामुळे नटाला त्याला टेकता येत नाही, त्याचे दार आपटता येत नाही, आणि ते मोडेल की काय अशी हलकीशी धास्तीही प्रेक्षकाला वाटत नाही. याच्या अगदी विरुद्ध टोकाला सिंधुदुर्गातील दशावतार आहे, जिथे एक साधे लाकडी बाकडे राजाचे सिंहासन होते आणि गरज पडेल तसे दुसरे काहीही होते. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा झालेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये दिग्दर्शक जब्बार पटेल यांनी माणसांचीच भिंत उभी केली, जी गाते, नाचते, कुणाला लपवते, कुणाला उघडे पाडते. खांद्याला खांदा हाच तिथला सांधा.

नाटक उभे राहत असताना सेट शेवटी येतो. तालमी एखाद्या सभागृहात चालतात आणि तिथे भिंती म्हणजे जमिनीवर चिकटवलेल्या पट्ट्या, दार म्हणजे त्या पट्टीतली मोकळी जागा, जिना म्हणजे सांगण्यावर विश्वास. नट या कल्पित घरात महिनाभर वावरतात आणि मग शुभारंभाच्या आधी एक-दोन दिवस खऱ्या फळ्यांवर पाऊल ठेवतात, तेव्हा पायऱ्यांची उंची, कडीचा आवाज, अंधारात खुर्चीची जागा यांच्याशी त्यांची पहिली गाठ पडते. या वेळी होणारी तांत्रिक तालीम बाहेरच्या माणसाला अत्यंत कंटाळवाणी वाटेल, कारण तीत संवाद गाळून केवळ बदल घोटवले जातात. प्रकाश कोणत्या शब्दावर उतरणार, संगीत कोणत्या पावलावर सुरू होणार, अंधार झाल्यावर कोण कोणती तिपाई उचलून कुठल्या विंगेत जाणार. त्या अंधारात पायऱ्यांच्या कडांना चिकटवलेल्या रेडियमच्या बारीक पट्ट्या एवढेच आधाराचे असते. त्यानंतर रंगीत तालीम, म्हणजे वेष, रंगभूषा, प्रकाश, संगीत आणि सामान यांसह अखंड होणारी अखेरची तालीम. तिच्यातल्या ‘रंगीत’ शब्दाची भावंडे रंगमंच, रंगपट आणि रंगकर्मी या शब्दांत भेटतात, परंतु सेटवाल्यांच्या दृष्टीने तो शब्दशः खरा असतो, कारण कुठला तरी कोपरा त्या दिवशीही ओला राहिलेला असतो आणि कुणाच्या तरी शालूला लागतो.

महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगापूर्वी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मिळवावे लागते; ते काम व्यवस्थापक आधीच उरकतो. शुभारंभाच्या दिवशी रंगमंचावर पूजा होते, नारळ फुटतो, आणि पडदा उघडण्यापूर्वीच्या घोषणेत रंगदेवतेला वंदन आधी व रसिकांना नंतर केले जाते. नाट्यशास्त्रातील रंगदैवतपूजनात पाण्याने भरलेला कुंभ फोडण्याचा विधी आहे, आणि विघ्ने दूर राहावीत म्हणून जर्जराची पूजा सांगितली आहे. हा जर्जर म्हणजे इंद्राचा दंड, पाच पेरांचा बांबू, ज्याच्या एकेका पेराचे दैवत निराळे आणि वस्त्राचा रंगही निराळा. नाटकाच्या रक्षणासाठी निवडलेली वस्तू एकसंध धातूची नसून पेरापेरांनी सांधलेली असावी, याकडे टीकाकारांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

तिसरी घंटा होते त्या वेळी सेट लावणाऱ्यांचे काम संपलेले असते, निदान तसे मानले जाते. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी एक जण डावीकडच्या दाराच्या फ्लॅटमागे हात टेकून उभा असतो, कारण दुसऱ्या अंकात नायिका ते दार आपटते आणि टेकणीवर त्याचा पुरता विश्वास बसलेला नसतो. शेवटचा पडदा पडतो, टाळ्या होतात, लोक नटांना भेटायला रंगपटाकडे वळतात, आणि रंगमंचावर बिजागऱ्यांचे खिळे उपसल्याचे आवाज सुरू होतात. आधी तसबिरी आणि कॅलेंडर निघतात, मग पडदे, मग खिडकी, मग भिंती पाठीला पाठ लावून बाहेर जातात. टेम्पोत चौथरे सर्वांच्या शेवटी चढतात, कारण दुसऱ्या दिवशीच्या नाट्यगृहात आधी तेच उतरवायचे असतात. आणि खिळ्यांची पिशवी कुणाच्याही सामानात न टाकता चालकाशेजारच्या जागेवर ठेवली जाते.